तिखट हातांची प्रार्थना

परवा शाळा सुटल्यावर रिक्षानं घरी निघाले होते. रिक्षा धानोऱ्याच्या रस्त्याला लागली आणि पहिली शिंक आली. पर्समधून रुमाल काढेपर्यंत दुसरी, तिसरी. रिक्षावाल्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसतं म्हणाला, "बाई, मिरची उनी." मिरची आली. त्याचंही नाक वाहत होतं. मी शिंकता शिंकता हसायला लागले आणि घर येईपर्यंत हसतच होते. रिक्षावाल्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

आमच्या नंदुरबारला थंडीची वर्दी आधी नाकाला मिळते. गावाबाहेरच्या मोकळ्या माळांवर पथाऱ्या पडतात, म्हणजे शेतातून आलेली ओली लाल मिरची उन्हात वाळायला जमिनीवर पसरतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर लाल. त्यात नाकातोंडाला फडकं बांधून बायका रांगेनं बसलेल्या असतात. दिसतात नुसते डोळे, पण गप्पा आणि हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं. बाहेरगावचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात आणि मग खोकत खोकत पुढं जातात. आम्ही खोकत नाही, शिंकतो. इथं जन्मलेल्या माणसाचा घसा मिरचीला सरावतो, नाक काही सरावत नाही.

मला हसू आलं ते गेल्या वर्षीच्या हंगामाच्या आठवणीनं. तसा तो हंगाम हसण्यासारखा सुरू झाला नव्हता.

माझे वडील, अण्णा, हे निवृत्त पाळक. चर्चच्या धर्मगुरूला आमच्यात पाळक म्हणतात आणि चर्चच्या लोकांना मंडळी. सगळ्या मंडळीत अण्णांची ख्याती होती ती त्यांच्या लांब प्रार्थनेबद्दल. साध्या जेवणाच्या वेळची प्रार्थनासुद्धा आकाश आणि पृथ्वी निर्माण झाली तिथून सुरू व्हायची. मग राज्यकर्ते, मग दवाखान्यातले आजारी एकेकाच्या नावानं, मग सुरतेकडं जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, मग शेजाऱ्याचा लंगडणारा बैल. तोवर वरणावर साय धरायची. माझा धाकटा भाऊ सुधीर एक डोळा उघडा ठेवून तेवढ्यात अर्धी भाकरी संपवायचा आणि 'आमेन' मात्र सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. एका लग्नात तर अण्णांची प्रार्थना संपली असं समजून बँडवाले दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले. अण्णांना कुणी हे सांगितलं की ते निरागसपणे म्हणायचे, "अरे, थोडक्यातच तर आटोपलं मी."

आईची प्रार्थना दोन शब्दांची. ती दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवरून आली की हात धुऊन मागच्या पायरीवर बसायची, दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकायची आणि डोळे मिटायची. श्वास आत घेताना मनात म्हणायचं 'प्रभू', सोडताना 'आहेस'. बस्स. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "एवढंच?" तर म्हणाली, "एवढं जमलं तरी पुष्कळ." अण्णा तिची थट्टा करायचे. म्हणायचे, "तुझी आई देवाला मिस्ड कॉल देते." त्यावर आई शांतपणे म्हणायची, "आणि तुम्ही त्या बिचाऱ्याला बोलू कुठं देता?" आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिची पायरी आहे तशीच आहे. मी तिच्यावर मोबाइल चार्जिंगला लावून ठेवायचे, कारण तिथं रेंज चांगली येते.

गेल्या वर्षीच्या हंगामाआधीच्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, चालणंही हळूहळू जमलं, पण उजवा हात अवघडून बसला आणि वाचा गेली. डोकं लख्ख. सगळं कळायचं, सगळं ऐकू यायचं, बोलायला जावं तर नुसतं "हं". आयुष्यभर देवाशी आणि माणसांशी तासन्‌तास बोललेला माणूस, आणि आता घरात दिवसभर "हं", "हं". घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, सुधीर नोकरीला सुरतेला. संध्याकाळी शाळेतून आले की अण्णा अंगणातल्या खुर्चीवर बसलेले असायचे आणि माझ्याकडं बघायचे. मला ते बघणं सोसायचं नाही. मी काहीबाही बोलायचे, ते संपलं की काय करावं सुचायचं नाही आणि हात आपोआप मोबाइलकडं जायचा.

आता माझ्या मोबाइलचंही ऐका. आमच्या मंडळीचा प्रार्थना-विनंतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्याची ॲडमिन मी. मराठीची शिक्षिका म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पहाटेपासून सुरू. कुणाच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा, कुणाच्या मुलाच्या भरतीसाठी करा, गुलाबाच्या फुलातून उगवणारा क्रूस, ढगातून येणारा प्रकाश, आणि प्रत्येकाला ॲडमिननं 'आमेन' लिहायचं असा अलिखित नियम. नाही लिहिलं तर माणसं रुसतात. मी फोडणी देता देता आमेन लिहायचे, वह्या तपासता तपासता आमेन लिहायचे. एकदा एका गृहस्थानं चुकून म्हैस विकायची जाहिरात टाकली. मी सवयीनं आमेन लिहिलं. माझं बघून बाकीच्यांनीही लिहिलं. म्हैस खरंच विकली गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रुपवर साक्ष म्हणून पेढ्यांचा फोटो टाकला.

थंडी ओसरली आणि उपासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. हल्ली तरुण मुलं मोबाइल सोडतात आणि सोडल्याचं दिवसभर स्टेटसला टाकत राहतात. त्यांना हसायची माझी टाप नव्हती. त्या वर्षी आमच्या नव्या पाळकसाहेबांनी उपासकाळाचा विषयच मौनाचा घेतला. रोज थोडा वेळ देवापुढं गप्प बसा, मागणं नाही, गाणं नाही, नुसतं बसा. छान बोलले. चर्चमध्ये माझं अर्धं लक्ष ग्रुपवर असल्यामुळं मी ते प्रवचन नंतर मोबाइलवर ऐकलं. दीडपट वेगानं.

तरी मी हौसेनं सुरुवात केली. शांत बसायला शिकवणारं एक ॲप घेतलं. ते दिवसातून कितीदा तरी टुणकन वाजून मला विचारायचं, आज शांत बसलात का? मी दचकून मोबाइल बघायचे, मग त्याच मोबाइलवर ग्रुप बघायचे, मग भाजीवालीचा निरोप, मग सुधीरच्या मुलीचा नाच. शेवटी त्या ॲपला मीच शांत केलं.

आणि अशातच पाळकसाहेब घरी आले. तरुण माणूस, अण्णांना फार मानतो. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडं सगळी मंडळी चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाखाली जमते आणि अंधारातच एक वडीलधारं माणूस मोठ्यानं म्हणतं, "ख्रिस्त उठला आहे!" मग सगळे एका आवाजात उत्तर देतात, "खरोखर उठला आहे!" त्यानंतरच मेणबत्त्या पेटतात. ही हाक मी जन्मल्यापासून अण्णांनीच दिलेली. पाळकसाहेब त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि म्हणाले, "अण्णा, या वर्षीही हाक तुम्हीच द्यायची." मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, नको म्हणून. पण अण्णा केवढ्यांदा तरी "हं!" म्हणाले आणि मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तीन शब्द. या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं.

पाळकसाहेब जायच्या आत ग्रुपवर बातमी गेली. 'अण्णा ईस्टरला हाक देणार. त्यांच्या वाचेसाठी प्रार्थना करा.' झालं. आमेनचा पाऊस. धुळ्याहून, नवापूरहून, कुठून कुठून लोक लिहायला लागले. मी पायरीवर बसून प्रत्येकाचे आभार मानत होते, हात जोडलेली चित्रं पाठवत होते. समोर अंगणात अण्णा एकटे बसले होते.

माझ्यातली मराठीची बाई मग जागी झाली. मी अण्णांची शिकवणी सुरू केली. समोर बसून म्हणायचे, "अण्णा, माझ्या ओठांकडं बघा. ख्रि... स्त." पहिल्या दिवशी त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला. कपाळावर घाम आला, तोंडून निघालं "हं". तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. आठवीतली मुलं फिरवतात तसं. मला रडूच आलं. मग काय, मोबाइल होताच हाताशी.

हाताच्या व्यायामाचीही तीच गत. डॉक्टरांनी दाबायला एक हिरवा रबरी चेंडू दिला होता. अण्णांना तो चेंडू अपमानासारखा वाटायचा. सोडून द्यायचे, तो अंगणभर घरंगळायचा, मी उचलून आणायचे. हा खेळ आमच्या शेजारच्या सुमनकाकू कुंपणावरून रोज बघायच्या. काकूंचं माहेर प्रकाशा गावचं, तापीकाठची शेतीवाडी, आणि वर्षाची मिरची आमच्यासाठी त्याच निवडून आणतात. एके दिवशी त्या वाळलेल्या मिरचीचं पोतं घेऊनच आल्या. अंगणात चादर पसरली, पोतं ओतलं, आणि कमरेवर हात ठेवून अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, हाऊ चेंडू कसाले दाबी ऱ्हायनात? फेका तठे. ह्या मिरच्या ल्या!"

मी म्हटलं, "अहो काकू, त्यांचा हात..."

"हातनं कामच शे हाई," काकू म्हणाल्या, म्हणजे हाताचंच तर काम आहे हे, आणि त्यांनी अण्णांच्या बोटांना खोबरेल चोळायला घेतलं.

वर्षाचं तिखट करायचं म्हणजे आधी मिरच्यांची देठं खुडायची, मग पुन्हा ऊन द्यायचं, मग गिरणीवर कांडून आणायचं. आमच्या घरी देठं खुडायचं काम नेहमी अण्णांचं. आई म्हणायची, तेवढा वेळ तरी ते प्रार्थना थोडक्यात करतात. अण्णांनी डाव्या हातानं एक मिरची उचलून उजव्या बोटांत ठेवली आणि देठ ओढलं. नाही तुटलं. पुन्हा ओढलं. मिरची खाली पडली. त्यांनी ती परत उचलली. चेंडूवर कधी दिसला नव्हता असला हट्ट चेहऱ्यावर. काकू आपलं भराभरा खुडत होत्या आणि त्यांच्याकडं बघतही नव्हत्या. मीही मुकाट्यानं बसले आणि खुडायला लागले. बऱ्याच वेळानं कट्‌ असा बारीक आवाज आला. अण्णांनी देठ वर धरून आम्हा दोघींना दाखवलं. मी आजवर हजार मुलांचे निकाल लावले असतील, पण कुणी असं प्रगतिपुस्तक दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पायरीवर. मी उठले, बटण दाबलं, मोबाइल गालाला लावला, आणि "हॅलो" म्हणायच्या आत गाल पेटला. दुसऱ्या हातानं गाल पुसला, तो आणखी पेटला. डोळ्यात पाणी आलं म्हणून डोळा पुसला. त्यानंतर काय झालं ते मला दिसलं नाही. नुसतं ऐकू आलं. काकू ओरडत होत्या, "डोयाले हात लावू नको व माय!" फोनवर कुणीतरी गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणत होतं. मी आंधळ्यासारखी अंगणात गोल गोल फिरत "पाणी, पाणी" करत होते. आणि या सगळ्या गोंधळात एक आवाज आला. आधी कळेना कुठून येतोय. खोकल्यासारखा, मग घरघरल्यासारखा, मग एकदम मोकळा. काकू ओरडायच्या थांबल्या.

"अण्णा हासनात!" त्या म्हणाल्या. "अवं, अण्णा हासनात!"

झटका आल्यापासून अण्णा हसले नव्हते. मी एका डोळ्यानं बघितलं. अण्णांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडून हसू बाहेर पडत होतं, आवाजासकट. तोच जुना गडगडाट. मी गाल धरून तिथंच मटकन खाली बसले आणि मीही हसत सुटले. डोळा संध्याकाळभर धगधगत होता, पण माझं काही म्हणणं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी अंगणात चादर पडायला लागली. काकू कधी असायच्या, कधी नसायच्या. मी आणि अण्णा मात्र रोज. मोबाइल पायरीवर वाजायचा. पहिले काही दिवस प्रत्येक टुण्‌ला माझी मान आपोआप वळायची आणि अण्णा डोळ्यांनीच माझ्या हातांकडं खूण करायचे, घे ना, घे! मिस्कील म्हातारा. मी जागची हलत नसे. एकदा भाजलेला गाल विसरत नाही. मग हळूहळू मान वळायची थांबली. ग्रुपवर माझे आमेन बंद झाले तशी लोकांना काळजी वाटली. दोन बायका तर मी आजारी आहे असं समजून केळी घेऊन घरी आल्या. त्यांनाही आम्ही खुडायला बसवलं.

आणि एका संध्याकाळी एक गंमत लक्षात आली. मिरच्या खुडून झाल्या की हात लगेच कुठंही लावता येत नाहीत. ना तोंडाला, ना केसांना, ना पदराला. बोटांची आग होत असते. साबणाला ती जुमानत नाही, तेल लावून जरा वेळ जाऊ द्यावा लागतो. मग माणूस काय करतो? दोन्ही हात अंगापासून लांब धरून तळवे उताणे मांडीवर टाकतो आणि गप्प बसतो. मी तशीच बसले होते. सहज अण्णांकडं बघितलं तर तेही तसेच. उजव्या हाताचा तळवा नीट उताणा होत नव्हता, तो त्यांनी डाव्या हातावर टेकवला होता. मागं आईची पायरी होती. ही तर आईची बैठक. आम्ही दोघं, एक बोलून बोलून दमलेला आणि एक आमेन लिहून लिहून दमलेली, मिरचीनं हात बांधल्यावर एकदाचे तिच्यासारखे बसलो होतो.

मी डोळे मिटले. श्वास आत, प्रभू. श्वास बाहेर, आहेस. लगेच काही आकाश उघडलं नाही. आधी आठवलं की दुधाची पिशवी आणायची राहिली. मग दहावीच्या परीक्षेचं पर्यवेक्षण. मग पुन्हा प्रभू, पुन्हा आहेस. मग वाटलं, आज भेंडी करावी का? पुन्हा प्रभू. बोटांची आग मात्र इमानदार. मन कुठंही गेलं की ती चावा घ्यायची आणि मी परत अंगणात यायचे. समोरच्या पळसावर पोपट भांडत होते. काकूंच्या घरी कुकरची शिट्टी झाली. अण्णांचा श्वास ऐकू येत होता, किंचित शिट्टीसारखा, आणि कधीतरी माझा श्वास त्याच्या चालीनं चालायला लागला. किती वेळ गेला, ठाऊक नाही. डोळे उघडले तर दिवेलागण झाली होती आणि अण्णा माझ्याकडं बघत होते. तेच बघणं, जे मला सोसत नव्हतं. आता नीट बघितलं तर त्यात तक्रार वगैरे काही नव्हतंच. ते नुसते बघत होते, बाप लेकीकडं बघतो तसे. मी इतके महिने कशाला घाबरत होते कुणास ठाऊक.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. असे की सांगायला त्यात काही नाही. काठी गावची होळी झाली. सातपुड्यातली माझी विद्यार्थी मुलं रात्रभर ढोलावर नाचून परत आली आणि वर्गात बाकावर माना टाकून झोपली. मी त्यांना उठवलं नाही. पोतं संपत आलं तसे अण्णा मिरच्या पुरवून पुरवून खुडायला लागले. शेवटी काकूंनी न सांगता आणखी एक पोतं आणून टाकलं आणि म्हणाल्या, "हाई मन्हा घरनं." त्यांच्या घरचं तिखटसुद्धा आम्हीच मार्गी लावलं. बोटं सुधारली. वाचा मात्र जिथल्या तिथं. मी शिकवणी पुन्हा घेतली नाही. पण ईस्टर जवळ येत होता आणि अण्णा रोज सकाळी आपला पांढरा सदरा कपाटातून काढून बघायचे आणि परत ठेवायचे. ते बघून मला पुढचं दिसायला लागायचं. सगळ्या मंडळीसमोर हा माणूस उभा राहणार आणि तोंडून 'हं' निघणार. आणि ते बघायला सगळ्यांच्या हातात मोबाइल.

सुधीर आदल्या दिवशी सुरतेहून आला. म्हणाला, "ताई, मी व्हिडिओ काढणार. काहीही होवो." मी म्हटलं, "नको रे." तो म्हणाला, "अगं, पुढच्या वर्षी..." आणि वाक्य तसंच सोडून मोबाइल चार्जिंगला लावायला गेला.

पहाटे कडुनिंबाखाली ही गर्दी. एरवी कधी न येणारे लोकही अण्णांसाठी आले होते. सुमनकाकूसुद्धा शाल पांघरून आल्या होत्या, मिरचीतला आपला वाटा असल्यासारख्या. पाळकसाहेबांनी अण्णांचा हात धरून त्यांना पुढं नेलं आणि बाजूला झाले. अंधारात एकेक मोबाइल उजळला. पन्नासेक चौकोन, सगळे अण्णांच्या दिशेनं. त्या उजेडात त्यांचा पांढरा सदरा आणि पांढरे केस. अण्णांनी तोंड उघडलं.

काही नाही. 'हं' सुद्धा नाही.

त्यांनी तोंड मिटलं. मला वाटलं पळत जाऊन त्यांना घेऊन यावं. तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि दोन्ही तळवे पोटापाशी उताणे धरले. डोळे मिटले. मला त्या शिट्टीसारख्या श्वासाचा आवाज एवढ्या लांबून यायचा नाही, पण छाती वर झालेली दिसली, खाली झालेली दिसली. मी ओळखलं. त्यांना काही अडलं नव्हतं. ते प्रार्थना करत होते, आईची. माझे तळवे कधी उघडले मला कळलं नाही. प्रभू. आहेस.

लोक थांबले. कुणाचा तरी मोबाइल वाजला, त्यानं घाईनं तो दाबून टाकला. मग मोबाइल धरून लोकांचे हात दुखायला लागले असतील. एकेक चौकोन खाली आला, विझला. पार मागं कुणाचं तान्हं बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. पूर्वेला जरा उजळत होतं. अण्णांच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब प्रार्थना ती, आणि एवढ्या गर्दीत एक माणूस चुळबुळला नाही. मग अण्णांनी डोळे उघडले आणि हसून आमच्याकडं बघितलं, हाक देऊन झाल्यावर बघायचे तसंच.

"खरोखर उठला आहे!"

माझ्या शेजारून आवाज आला. सुधीर. भाकरी संपवून सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणणारा माझा भाऊ, व्हिडिओचा हात खाली सोडून, रडत रडत, बेंबीच्या देठापासून ओरडला. आणि मग सगळं आवार. "खरोखर उठला आहे! खरोखर उठला आहे!" कडुनिंबावरचे कावळे उडाले. काकूंनी मला घट्ट धरलं होतं आणि विचारत होत्या, "काय व्हयनं? काय म्हननात अण्णा?" समोर अण्णा हसत होते, गडगडाटी, आवाजासकट, आणि कुणीतरी पहिली मेणबत्ती पेटवली.

सुधीरचा व्हिडिओ आमच्याकडं आहे. त्यात आधी अण्णा दिसतात, मग बराच वेळ सुधीरचे बूट दिसतात, आणि शेवटी त्याच्या ओरडण्यानं कान फाटतो. ग्रुपवर खूप जणांनी मागितला. आम्ही दिला नाही.

यंदा अण्णांना उपासकाळापर्यंत धीर नाही. माझ्या शिंकेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकूंना खुणा करून करून पहिल्या पथारीतलं पोतं मागवलं. वाचा थोडी सुधारली आहे. 'चहा' म्हणतात, 'नको' म्हणतात, मला 'बेबी' म्हणतात. ईस्टरची हाक यंदा कुणी द्यायची, हे पाळकसाहेबांनी विचारलेलंसुद्धा नाही, अण्णाच देणार असं ते धरून चाललेत. मी शाळेतून आले तर चादर पसरून तयार, आणि अण्णा शेजारची जागा हातानं थोपटत होते. उजव्या हातानं.

आम्ही खुडायला बसलो. ऊन उतरलं, पथाऱ्यांकडून वारा आला, दोघंही शिंकलो. मग तळवे मांडीवर टाकून गप्प बसलो. आईच्या पायरीवर मोबाइल वाजत होता. सुधीर असेल, शाळेतून कुणी असेल, कुणाचा तरी गुडघा असेल. अण्णांनी एक डोळा उघडून मिस्कीलपणे माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बेबी. घे."

"हात तिखट आहेत, अण्णा," मी म्हटलं, आणि डोळे मिटले.